कलमे, प्रकरणे आणि मधल्याच पानावर उतरणारा वाचक

कायद्याच्या ऑनलाइन संदर्भग्रंथात प्रकरणांची मांडणी आणि त्यांची नावे हे शेवटच्या आठवड्यात उरकायचे काम समजले जाते. मजकूर वकील लिहितात, दुसरे वकील तपासतात आणि मथळे संपादकाने सुचतील तसे घालायचे, अशी कामाची वाटणी असते. छापील पुस्तकात हे खपून जाते. तिथे मुखपृष्ठावर राज्याचे नाव असते, आत आवृत्तीचे साल असते आणि प्रकरण चुकलेच तर चार पाने मागेपुढे चाळून हवे ते सापडते. ऑनलाइन ग्रंथाचा वाचक यातले काहीच पाहत नाही. शोधयंत्रातून किंवा मेहुण्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या दुव्यावरून तो थेट मधल्याच पानावर उतरतो. त्या पानाचे शीर्षक वाचून त्याने काय समज करून घेतला, यावर पुढचे सगळे ठरते. त्यामुळे मथळा हा मजकुराइतकाच काळजीने, बऱ्याचदा मजकुराच्या आधी, ठरवावा लागतो. हे कामात काही वर्षे काढल्यावरच पटते.

बेंगळुरू हे या कामाचे गाव आहे. नॅशनल लॉ स्कूलची स्थापना इथे १९८७ मध्ये झाली. सुशांत सिन्हा यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘इंडियन कानून’ हे निकाल आणि कायद्यांचे शोधयंत्रही याच शहरातून चालते. कायद्याचा कच्चा माल आता कोणालाही फुकट आणि क्षणात मिळतो. पण शोधयंत्र हजार निकाल पुढे ठेवते. त्यातला आपला कोणता, हे वाचकाला आधीच ठाऊक असावे लागते. प्रकरणे पाडलेल्या ग्रंथाची गरज तिथेच उरते. शिवाय मराठी वाचकासाठी बेंगळुरूत बसून हे काम करताना एक जादा अडचण येते. या शहरातल्या मराठी घराचे सातबारे पुण्याला किंवा सांगलीला असतात, फ्लॅट व्हाइटफील्डला असतो आणि एखादी आत्या बेळगावात असते. एका घरात दोन राज्यांचे कायदे नांदत असतात.

मांडणीचा पहिला प्रश्न क्रमाचा. वकिलाला विचारले, तर तो अधिनियमाचा क्रम धरतो: आधी व्याख्या, मग प्राधिकरणे, मग हक्क, मग शिक्षा आणि शेवटी नियम करण्याचे अधिकार. तपासायला हा क्रम सोपा असतो. वाचायला येणारा माणूस मात्र अधिनियम शोधत नसतो, त्याच्यावर काहीतरी ओढवलेले असते. आपली जुनी परंपरा या बाबतीत अधिक व्यवहारी होती. मनुस्मृतीतली अठरा व्यवहारपदे म्हणजे अठरा प्रकारची भांडणे: ऋणादान, निक्षेप, अस्वामिविक्रय, भागीदारी, न दिलेले वेतन, शिवेचा तंटा, वाटणी. विज्ञानेश्वरांनी मिताक्षरा लिहिली ती चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजवटीत, कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला. ती ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका आहे, तिच्या व्यवहाराध्यायातही वादाच्या विषयानुसारच प्रकरणे पडली आहेत. आजच्या संदर्भग्रंथाची अनुक्रमणिका या पद्धतीच्या जितकी जवळ जाते, तितकी ती वापरली जाते.

चेक न वटण्याचे प्रकरण हे याचे साधे उदाहरण. परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा. त्यातले कलम १३८ सगळ्यांना पाठ, पण ‘कलम १३८ ते १४८: धनादेशांचा अनादर’ या मथळ्याखाली कलमवार मजकूर दिला, तर एक गोष्ट हरवते. या कायद्यात हक्कापेक्षा तारखा महत्त्वाच्या आहेत. बँकेची सूचना हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे; नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी समोरच्याला १५ दिवस; ते उलटले की एका महिन्यात तक्रार. कलमवार मांडणीत हे तीन आकडे वेगवेगळ्या परिच्छेदांत पडतात. एका छोट्या पुरवठादाराची गोष्ट इथे प्रातिनिधिक आहे. त्याने शिक्षा, दंड, अंतरिम भरपाई असे सगळे बारकाईने वाचले, समोरच्याशी फोनवर तडजोडीची बोलणी चालू ठेवली आणि नोटिशीची मुदत घालवली. माहिती पानावर होती, खाली होती. पुढे त्या प्रकरणाचे तीन तुकडे झाले आणि पहिल्याचे नाव पडले ‘चेक परत आल्यावरचे पहिले ३० दिवस’. कायद्याच्या पुस्तकाला शोभणारे हे नाव नाही, अशी कुरकूर वकिलांकडून झाली. ती तशीच राहू दिली आणि नावही राहिले.

अर्थात वाचकाच्या भाषेत नाव द्यायचे म्हणजे बाजारातला शब्द उचलून लावायचा, असे नव्हे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ चे अधिकृत शीर्षक सहदायिकी संपत्तीतील हितसंबंधाच्या संक्रमणाविषयी आहे. ज्या मुलीला भावांनी वाटणीतून वगळले, ती हे शब्द शोधणार नाही. ती शोधते ‘वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क’. तेच नाव द्यावे, तर वकिलाचा आक्षेप रास्त निघतो: लोक वडिलांनी स्वतः कमावलेल्या फ्लॅटलाही वडिलोपार्जित म्हणतात, आणि त्याचा वारसा कलम ६ ने नव्हे, कलम ८ ने ठरतो. अशा वेळी शब्दावरून वाद घालत बसण्यापेक्षा प्रकरणे दोन करावीत आणि एकाच्या मथळ्याने दुसऱ्याची आठवण करून द्यावी: ‘एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा वाटा’ आणि त्याला लागून ‘वडिलांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेचा वारसा’. ज्याने चुकीचे दार उघडले, त्याला शेजारचे दार दिसते.

या प्रकरणात तारखाही मथळ्यापर्यंत चढतात. महाराष्ट्राने मुलींना सहदायिकीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतल्या जन्मसिद्ध वाटेकऱ्यांत, घेतले ते २२ जून १९९४ पासून, कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून. दोन्ही ठिकाणी त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळलेल्या होत्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची, तिने ती अट उडवली. मग त्या दिवशी वडील हयात हवेत की नकोत, यावर अनेक वर्षे उलटसुलट निकाल आले आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ती गरज नसल्याचे सांगितले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागत नाही. इतिहासाच्या क्रमाने लिहिले, तर वाचक १९९४ पाशीच थांबतो आणि ‘माझे लग्न १९८९ चे, म्हणजे संपले’ असे समजून पान बंद करतो. आजचा नियम आधी आणि तो कसा आला हे नंतर, असा उलटा क्रम कायद्याच्या ग्रंथात का लागतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अभ्यासकाला हा क्रम खटकतो. त्याच्यासाठी इतिहास वेगळ्या पोटशीर्षकाखाली शाबूत ठेवता येतो.

दोन राज्यांचा घोळ सर्वांत जास्त होतो जमिनीत. ‘शेतजमीन कोण घेऊ शकतो’ असे नाव दिलेल्या पानाचा अनुभव सांगण्याजोगा आहे. मजकूर कर्नाटकाचा होता आणि बिनचूक होता: कर्नाटक जमीन सुधारणा अधिनियम, १९६१ मधली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे २०२० मध्ये काढून टाकली गेली, त्यामुळे शेतकरी नसलेल्यालाही तिथे शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. राज्याचे नाव दुसऱ्या परिच्छेदात होते. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने ते पान वाचले आणि गावाकडे मुळशी तालुक्यात जमिनीचा विसार देऊन टाकला. महाराष्ट्रात कुळवहिवाट कायद्याचे कलम ६३ आजही शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. विसार परत मिळवायला त्याला बराच काळ तिष्ठावे लागले. त्यानंतर नियम झाला: ज्या विषयात राज्याराज्यांत फरक आहे, तिथे राज्याचे नाव मथळ्याचा पहिला शब्द. ‘कर्नाटक: शेतजमिनीची खरेदी’, ‘महाराष्ट्र: शेतजमिनीची खरेदी’. मथळे रुक्ष होतात, अनुक्रमणिकेत तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. होऊ द्यावेत.

सीमाभागासाठी हेही पुरत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पण राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ मुळे जुन्या मुंबई राज्याचे कायदे त्या मुलखात आपोआप संपले नाहीत. नवे विधिमंडळ ते बदलेपर्यंत चालू राहिले. त्यामुळे जुन्या दस्तऐवजांवर एका कायद्याचे नाव आणि आजच्या अर्जावर दुसऱ्याचे, ही तिथली नित्याची स्थिती. त्यात महाराष्ट्राने २०१२ मध्ये आपल्या कायद्यांच्या नावातले ‘मुंबई’ काढून ‘महाराष्ट्र’ घातले. जुने नाव घेऊन येणारा वाचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये, म्हणून जुनी नावे शोधात ठेवावी लागतात, मथळ्यात नव्हे. ‘कर्नाटक उच्च न्यायालयात अपील’ या प्रकरणातही ‘बेंगळुरू, धारवाड की कलबुर्गी’ हे पोटशीर्षक सर्वांत वर हवे. बेळगावचे प्रकरण धारवाड खंडपीठाकडे जाते, बिदरचे कलबुर्गीकडे. हे न कळल्यामुळे रात्रभर बसने बेंगळुरूला येऊन परत गेलेले लोक असतात.

कधी अधिनियमाचे नाव वापरणेच दिशाभूल करते. बेंगळुरूत भाड्याने राहणारा माणूस अनामत रकमेसाठी ‘कर्नाटक भाडे अधिनियम’ शोधतो. १९९९ चा तो कायदा खरा, पण मोठ्या शहरांत महिना साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाडे असलेल्या जागांना तो लागूच होत नाही. आजच्या बेंगळुरूत या रकमेत खोली मिळणेही दुर्मीळ. म्हणजे बहुतेक भाडेकरूंचे भांडण संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि त्यांचा स्वतःचा करार यांच्यावरच चालते. तरीही अनेक संदर्भग्रंथांत भाड्याचे प्रकरण त्या १९९९ च्या कायद्याच्या नावाने उघडते आणि पंधरा पाने त्यातली कलमे समजावते. हे अचूक असूनही निरुपयोगी लेखन आहे. ‘बेंगळुरूत भाड्याचे घर: कोणता कायदा लागू’ असे नाव दिले, की लेखकालाही आधी तोच प्रश्न सोडवावा लागतो. चांगल्या मथळ्याचा हा कमी बोलला जाणारा उपयोग आहे. तो वाचकाला वाट दाखवतोच, शिवाय लेखकाला भरकटू देत नाही.

‘खाता’ हे याच जातीचे. फ्लॅट घेणारा मराठी माणूस खाता म्हणजे इथला सातबारा असे धरून चालतो. खाता ही महापालिकेच्या मालमत्ताकराची नोंद. मालकी ठरते ती खरेदीखत आणि त्यामागच्या दस्तांच्या साखळीने. (सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा नव्हेच, पण ते वेगळे प्रकरण.) म्हणून ‘खाता: करनोंद, मालकीचा दाखला नव्हे’ असे नकारार्थी नाव दिले जाते. नकारार्थी मथळे एरवी टाळावेत, पण जिथे गैरसमज पिढीजात आहे, तिथे ते चालतात.

मग आली १ जुलै २०२४ ही तारीख, आणि देशभरच्या कायदा-संपादकांची झोप उडाली. भारतीय दंड संहितेच्या ५११ कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची ३५८ कलमे आली, २३ प्रकरणांची २० झाली. सरकारनेच इथे मोठी फेरमांडणी केली. जुन्या संहितेत स्त्रियांविरुद्धचे गुन्हे विखुरलेले होते: हुंडाबळी शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांत, सासरचा छळ अगदी शेवटाकडे १९८३ मध्ये जोडलेल्या प्रकरणात. नव्या संहितेत स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे पाचव्या प्रकरणात, कलम ६३ पासून ९९ पर्यंत एकत्र आले आणि खुनाच्याही आधी बसले. मांडणी म्हणून हे पाऊल चांगले आहे, असेच म्हणावे लागेल.

आकड्यांनी मात्र छळले. कायदा न वाचलेल्या माणसालाही ३०२ आणि ४२० माहीत असतात. खून आता कलम १०३ मध्ये आहे, आणि नव्या संहितेचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. चारसोबीस तर नव्या संहितेत असूच शकत नाही, ती ३५८ ला संपते. फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. नुसते ‘कलम ३०२’ असे नाव असलेले पान त्या दिवसापासून धोक्याचे झाले. जुनी पाने पुसून टाकावीत, तर तेही जमत नाही: १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांवर जुनीच संहिता लागू राहते आणि ते खटले अजून अनेक वर्षे चालतील. वर्तमानपत्री घाई करून एका रात्रीत आकडे बदलणाऱ्यांनी जुन्या खटल्यांतल्या आरोपींना आणि फिर्यादींना वाऱ्यावर सोडले. टिकलेला उपाय असा: मथळ्यात आधी गुन्ह्याचे नाव, मग दोन्ही संहितांची कलमे, आणि पानाच्या पहिल्या ओळीत ‘घटना कोणत्या तारखेची?’ हा प्रश्न. उदाहरणार्थ, ‘फसवणूक: न्याय संहिता ३१८ आणि ३१९, जुनी दंड संहिता ४१५ ते ४२०’.

कायदा मेला, तरी त्याचे पान जिवंत राहते, ही याहून गंभीर गोष्ट. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवले. त्या खटल्यामागे २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून झालेली अटक होती. निकालानंतरही देशात ठिकठिकाणी याच कलमाखाली गुन्हे नोंदले जात राहिले. २०२१ मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात आला, तेव्हा महान्यायवादींनी दिलेले कारण प्रत्येक कायदा-संपादकाने टेबलासमोर लावून ठेवावे असे आहे: छापील अधिनियमांत ते कलम अजून जसेच्या तसे दिसते, ते रद्द झाल्याचा उल्लेख फक्त तळटिपेत असतो, आणि पोलीस अधिकारी तळटीप पाहत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कोणावर खटला चालवू नये.

म्हणजे तळटिपेत टाकलेल्या एका ओळीमुळे माणसे गजाआड जाऊ शकतात. त्यामुळे ‘रद्द’ हा शब्द मथळ्यातच हवा आणि तारखेसह हवा: ‘कलम ६६-अ: २४ मार्च २०१५ पासून रद्द’. मूळ मजकूर अभ्यासासाठी ठेवायचा असेल, तर तो या मथळ्याखाली ठेवावा. पान काढून टाकणे हा उपाय नव्हे. ठाण्यात या कलमाचे नाव ऐकून आलेल्या माणसाला ते रद्द झाल्याचे पान सापडलेच पाहिजे.

मथळ्यात काय नको, हेही अनुभवानेच ठरत जाते. रकमा नकोत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आला तेव्हा जिल्हा आयोगाची मर्यादा एक कोटी होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती पन्नास लाखांवर आणली. ‘एक कोटीपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात’ अशी पाने त्यानंतरही दिसत राहिली. कार्यालयांची नावेही शक्यतो नकोत. २००७ मध्ये झालेली बृहत् बेंगळुरू महानगरपालिका २०२५ मध्ये जाऊन तिच्या जागी पाच महापालिका आल्या आणि तिचे नाव असलेला प्रत्येक मथळा एका दिवसात शिळा झाला. ‘नवा कायदा’, ‘ताजी दुरुस्ती’ हे शब्द तर मुळीच नकोत. प्रश्नचिन्ह असलेले मथळे शोधात वर येतात, पण वाचक त्यांच्याकडून होय किंवा नाही एवढेच मागतो आणि अटी वाचत नाही. ते पोटशीर्षकांपुरते ठेवलेले बरे.

मथळे बदलत राहणार, हे मान्य केले की पानाचा पत्ता मथळ्यावर बेतता येत नाही. वकील अर्जाच्या मसुद्यात, पत्रकार बातमीत, नातेवाईक कुटुंबाच्या ग्रुपवर दुवा टाकून ठेवतात; नाव सुधारले आणि दुवा तुटला, तर सुधारणा कोणापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक पानाला कायमचा क्रमांक द्यावा आणि क्रमांकांत मोकळ्या जागा सोडाव्यात. आयकर कायद्यात ८०-सीसीडीसारखी कलमे ज्या कारणाने जन्मली, ते कारण संदर्भग्रंथालाही लागू पडते: मध्ये काहीतरी घालावे लागतेच.

दोन कायदेशीर बाबी इथेच नोंदवाव्यात. अधिनियमातली प्रकरण-शीर्षके आणि समासटिपा अर्थ लावायला मदत करतात, पण कलमाचे शब्द स्पष्ट असतील, तर शीर्षक त्यांच्यावर मात करू शकत नाही, ही न्यायालयांची जुनी भूमिका आहे. संदर्भग्रंथाचे शीर्षक तर त्याहून दुय्यम. त्याला कायद्याचे बळ नाही. दुसरी बाब हक्कांची. निकालांचा मूळ मजकूर कोणालाही छापता येतो, आणि अधिनियम भाष्यासह किंवा स्वतंत्र मजकुरासह छापता येतो. संपादकाने घातलेली भर मात्र त्याची. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाचे परिच्छेद पाडणे, त्यांना अंतर्गत क्रमांक देणे अशा कामातल्या कौशल्यालाही संरक्षण दिले. दुसऱ्या ग्रंथाची अनुक्रमणिका उचलून आपली म्हणून लावणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

उरतो तो पानाच्या माथ्यावरचा शेवटचा तपशील: ‘हे पान अमुक तारखेपर्यंतचा कायदा सांगते’. पान शेवटचे केव्हा उघडले, ही तारीख उपयोगाची नाही. जाणकाराने मजकूर कायद्याशी ताडून पाहिला, ती तारीख हवी. बहुतेक चुका संपादकाला स्वतःहून सापडत नाहीत. त्या दाखवतात तलाठी, नोटरी, तालुका न्यायालयातले कनिष्ठ वकील आणि ज्यांचे प्रकरण अडले ते पक्षकार. म्हणून असा ग्रंथ वापरणाऱ्यांना एवढेच सांगणे, की मथळा आणि मजकूर जुळत नसेल, राज्य कळत नसेल किंवा तारीख दिसत नसेल, तर पान नुसते बंद करू नये. पानाचा क्रमांक आणि काय खटकले ते दोन ओळींत संपादकाला कळवावे.